विश्लेषण : दीडशे ज्यूंना वाचवूनही सन्मान नाही! युक्रेनचे धर्माध्यक्ष आंद्रेई शेप्तित्स्की कोण होते?

जुलै १९४१ चे पहिले काही दिवस. ल्विव शहरात जर्मन सैन्य नुकतेच दाखल झाले होते. शहरातील ग्रीक कॅथलिक चर्चच्या प्रमुखांनी १ जुलै रोजी एक धर्मपत्र काढले आणि सोव्हिएत राजवटीतून सुटका करणारे म्हणून या सैन्याचे स्वागत केले. त्याच दिवसांत रस्त्यांवर ज्यूंची कत्तल सुरू होती. शहरातील एक प्रमुख ज्यू धर्मगुरू, रब्बी येहेज्केल लेविन, मदत मागण्यासाठी याच धर्माध्यक्षांकडे आले. जमाव शांत होईपर्यंत माझ्या निवासस्थानी थांबा, असा आग्रह धर्माध्यक्षांनी धरला. लेविन यांनी मात्र आपल्या लोकांमध्ये परत जाणे पसंत केले. घराजवळच त्यांना पकडण्यात आले आणि तुरुंगात ठार मारण्यात आले. पुढे त्यांचे दोन मुलगे वाचले, ते याच धर्माध्यक्षांमुळे.

या धर्माध्यक्षांचे नाव आंद्रेई शेप्तित्स्की. युक्रेनमध्ये त्यांच्याकडे राष्ट्रपुरुष म्हणून पाहिले जाते. पोलंडमध्ये त्यांच्याविषयी आजही मतभेद आहेत. सोव्हिएत संघाने त्यांना नाझींचा हस्तक ठरवले. इस्रायलच्या याद वाशेम या संस्थेने त्यांच्या भावाचा सर्वोच्च सन्मान केला. पण शेप्तित्स्की यांना तो सन्मान वारंवार नाकारला. एकाच माणसाबद्दल शेजारी समाजांची इतकी वेगवेगळी मते का आहेत, याचे उत्तर त्यांच्या चरित्रात सापडते.

शेप्तित्स्की यांचा जन्म कुठे झाला?

त्यांचा जन्म २९ जुलै १८६५ रोजी ल्विवच्या पश्चिमेला असलेल्या प्रिल्बिची या गावात झाला. तेव्हा हा भाग ऑस्ट्रियन साम्राज्यातील गॅलिसिया प्रांतात होता. मुलाचे नाव रोमान ठेवण्यात आले. वडील काउंट यान शेप्तित्स्की हे बडे जमीनदार होते. आई झोफिया ही पोलंडचे प्रसिद्ध नाटककार अलेक्सांदर फ्रेद्रो यांची मुलगी. घरातील भाषा पोलिश, शिक्षण पोलिश आणि धर्म रोमन कॅथलिक.

मात्र, या घराण्याचे मूळ युक्रेनी होते. अठराव्या शतकात या घराण्यातील काही जण ग्रीक कॅथलिक चर्चचे धर्माध्यक्ष झाले होते. ल्विवच्या टेकडीवरील सेंट जॉर्ज कॅथेड्रलच्या उभारणीतही घराण्याचा मोठा वाटा होता. पुढे प्रतिष्ठा आणि राजकारण यांच्या ओघात अनेक युक्रेनी सरदार घराण्यांप्रमाणे हे घराणेही पोलिश झाले. रोमान यांनी आयुष्यात जो निर्णय घेतला, तो या प्रवासाच्या नेमका उलट होता.

ग्रीक कॅथलिक चर्च म्हणजे काय?

पूर्व युरोपात ख्रिस्ती धर्माचे दोन मोठे प्रवाह आहेत. पोलंड रोमन कॅथलिक, तर रशिया ऑर्थोडॉक्स. १५९६ च्या ब्रेस्त कराराने यांच्यामधला एक तिसरा मार्ग तयार झाला. युक्रेन आणि बेलारूसमधील ऑर्थोडॉक्स धर्माध्यक्षांच्या एका गटाने पोपचे नेतृत्व मान्य केले. पण उपासनेची पद्धत, भाषा आणि विवाहित पुरुषांना धर्मगुरू होण्याची मुभा या गोष्टी पूर्वीच्याच ठेवल्या. हेच ग्रीक कॅथलिक चर्च. आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर केरळमधील सिरो-मलबार चर्चही पोपचे नेतृत्व मानते, पण स्वतःची पौर्वात्य परंपरा जपते. या चर्चचा एक धर्मप्रांत महाराष्ट्रात कल्याण येथेही आहे.

गॅलिसियात धर्म हीच समाजाची ओळख होती. रोमन कॅथलिक म्हणजे पोलिश आणि ग्रीक कॅथलिक म्हणजे युक्रेनी, असा सर्वसाधारण हिशेब होता. जमीनदार प्रामुख्याने पोलिश होते, शेतकरी युक्रेनी आणि गावांमधील व्यापारात ज्यूंचे प्रमाण मोठे होते. त्यामुळे एका पोलिश काउंटच्या मुलाने ग्रीक कॅथलिक होणे म्हणजे समाज बदलण्यासारखेच होते.

काउंटचा मुलगा मठात का गेला?

रोमान यांनी कायद्याचे शिक्षण घेतले आणि १८८८ मध्ये क्राकोव्ह येथे डॉक्टरेट मिळवली. त्याआधी १८८७ मध्ये ते कीव्ह आणि मॉस्कोला जाऊन आले होते. कीव्हमध्ये इतिहासकार वोलोदिमिर अंतोनोविच, तर मॉस्कोत तत्त्वज्ञ व्लादिमिर सोलोव्योव्ह यांच्याशी त्यांची भेट झाली. पूर्व आणि पश्चिमेची चर्च पुन्हा एकत्र यावीत, हा विचार त्यांच्या मनात येथेच पक्का झाला. तो त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

१८८८ मध्ये त्यांनी दोब्रोमिल येथील बासिलियन मठात प्रवेश केला. वडिलांचा याला विरोध होता. मठात त्यांनी आंद्रेई हे नाव घेतले. १८९२ मध्ये ते धर्मगुरू झाले. १८९९ मध्ये स्तानिस्लाविव (आताचे इव्हानो-फ्रांकिव्स्क) येथे बिशप आणि डिसेंबर १९०० मध्ये ल्विवचे मेट्रोपॉलिटन म्हणजे चर्चचे सर्वोच्च प्रमुख म्हणून त्यांची नियुक्ती झाली. जानेवारी १९०१ मध्ये त्यांनी पदभार स्वीकारला. वय अवघे ३५ वर्षे.

सुरुवातीला त्यांच्यावर कोणाचाच पूर्ण विश्वास नव्हता. युक्रेनी लोकांना वाटे, पोलिश सरदारांनी आपल्या चर्चमध्ये आपला माणूस पेरला आहे. पोलिश सरदारांच्या दृष्टीने ते घराण्याशी आणि राष्ट्राशी फितूर झाले होते. हा दुहेरी संशय पुढची चार दशके कमी-अधिक प्रमाणात कायम राहिला.

धर्माध्यक्ष म्हणून त्यांनी काय केले?

शेप्तित्स्की यांनी चर्चचा आणि स्वतःचा पैसा समाजासाठी संस्था उभारण्यात घातला. १९०३ मध्ये ल्विवमध्ये गरिबांसाठी मोफत दवाखाना सुरू झाला. १९०५ मध्ये त्यांनी संग्रहालय स्थापन केले. तेच आजचे ल्विवचे राष्ट्रीय संग्रहालय. शेतकऱ्यांना जमीन विकत घेता यावी म्हणून १९१० मध्ये जमीन तारण बँक उभी राहिली. व्हिएन्नातील वरिष्ठ सभागृहाचे सदस्य या नात्याने त्यांनी ल्विवमध्ये युक्रेनी विद्यापीठ असावे, ही मागणी मांडली.

ज्यूंशी त्यांचे संबंध त्या काळाच्या मानाने वेगळे होते. ते हिब्रू शिकले होते. गावोगावच्या दौऱ्यात स्थानिक ज्यू मंडळी स्वागताला आली की ते त्यांना हिब्रूतून उत्तर देत. ज्यूंच्या वल्हांडण सणाच्या वेळी गरीब ज्यू कुटुंबांसाठी ते पैसे पाठवत.

राजकीय हिंसेबाबत त्यांची भूमिका मात्र त्यांच्याच समाजाला रुचणारी नव्हती. एप्रिल १९०८ मध्ये मिरोस्लाव्ह सिचिन्स्की या युक्रेनी विद्यार्थ्याने गॅलिसियाचे पोलिश राज्यपाल आंजेय पोटोत्स्की यांची गोळ्या घालून हत्या केली. अनेक युक्रेनींना सिचिन्स्की वीर वाटला. शेप्तित्स्की यांनी या हत्येचा उघड निषेध केला. राष्ट्रासाठी केलेला खूनही खूनच, ही त्यांची भूमिका तेव्हापासूनची आहे.

रशियाने त्यांना अटक का केली?

ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला रशियन सैन्याने ल्विव जिंकले. रशियाच्या दृष्टीने गॅलिसियातील युक्रेनी हे वेगळे राष्ट्र नव्हतेच. ते रशियनच होते आणि त्यांना ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये परत आणायचे होते. या योजनेत मुख्य अडथळा होता तो ग्रीक कॅथलिक चर्चचा. त्याच महिन्यात शेप्तित्स्की यांना अटक करून रशियात नेण्यात आले. कीव्ह, नोवगोरोद, कुर्स्क, सुझदाल येथील मठाचा तुरुंग आणि शेवटी यारोस्लाव्हल असा त्यांचा सुमारे अडीच वर्षांचा बंदिवास झाला.

मार्च १९१७ मध्ये झारची सत्ता कोसळली आणि हंगामी सरकारने त्यांची सुटका केली. विशेष म्हणजे सुटल्यावर ते लगेच घरी परतले नाहीत. पेत्रोग्राद येथे त्यांनी रशियन ग्रीक कॅथलिकांच्या चर्चची घडी बसवून दिली. रशियन साम्राज्याने तुरुंगात टाकले तरी रशियन लोकांबद्दल त्यांनी शत्रुत्व धरले नाही. सप्टेंबर १९१७ मध्ये ते ल्विवला परतले.

पोलंड आणि युक्रेनच्या युद्धात काय झाले?

१९१८ च्या शरद ऋतूत ऑस्ट्रियन साम्राज्य कोसळले. १ नोव्हेंबरला युक्रेनी सैनिकांनी ल्विवचा ताबा घेतला आणि पश्चिम युक्रेनी लोकप्रजासत्ताकाची स्थापना झाली. मात्र, शहरातील बहुसंख्य लोक पोलिश होते. त्यांनी लगेच शस्त्रे उचलली. तीन आठवड्यांच्या रस्त्यावरील लढाईनंतर २२ नोव्हेंबरला शहर पोलंडच्या हाती गेले. या लढाईत ज्यूंनी तटस्थ राहण्याचे ठरवले होते. विजयानंतर त्याची किंमत त्यांनाच मोजावी लागली. पोलिश सैनिक आणि जमावाने ज्यू वस्तीवर हल्ला केला, त्यात अनेक जण मारले गेले.

युद्ध जुलै १९१९ पर्यंत चालले आणि पोलंडने संपूर्ण पूर्व गॅलिसिया ताब्यात घेतला. या काळात शेप्तित्स्की घराण्यातच दोन राष्ट्रे उभी होती. आंद्रेई युक्रेनी चर्चचे प्रमुख, तर त्यांचे सख्खे भाऊ स्तानिस्लाव्ह पोलंडच्या लष्करात सेनानी. स्तानिस्लाव्ह १९२३ मध्ये पोलंडचे संरक्षणमंत्री झाले. तिसरे भाऊ काझिमियेश यांनी आंद्रेई यांचा मार्ग धरला. ते क्लिमेंती या नावाने युक्रेनी मठात भिक्षू झाले. दोन्ही देशांत एकाच आईची मुले मोठ्या पदांवर असण्याचे असे उदाहरण क्वचितच सापडेल.

पोलंडच्या राजवटीत संघर्ष कसा वाढला?

मार्च १९२३ मध्ये विजयी राष्ट्रांच्या राजदूत परिषदेने पूर्व गॅलिसियावरील पोलंडचे सार्वभौमत्व मान्य केले. शेप्तित्स्की तेव्हा उत्तर आणि दक्षिण अमेरिकेतील युक्रेनी स्थलांतरितांना भेटून परतत होते. पोलंडने त्यांना पोझनान येथे अडकवून ठेवले. नव्या राज्याशी निष्ठा मान्य केल्यावरच त्यांना ल्विवला जाऊ दिले.

पुढील वर्षांत युक्रेनी शाळा कमी होत गेल्या आणि ज्या विद्यापीठाची मागणी होती ते मिळाले नाही. याची प्रतिक्रिया म्हणून १९२९ मध्ये युक्रेनी राष्ट्रवादी संघटना स्थापन झाली. तिने जाळपोळ आणि राजकीय हत्यांचा मार्ग धरला. १९३० च्या शरद ऋतूत पोलंडने पूर्व गॅलिसियातील गावांवर लष्करी आणि पोलिसी कारवाई केली. शेकडो गावांत लोकांना मारहाण झाली, सहकारी संस्था आणि वाचनालये उद्ध्वस्त करण्यात आली. शेप्तित्स्की तक्रार घेऊन थेट वॉर्साला गेले.

त्याच वेळी राष्ट्रवादी तरुणांनाही त्यांनी सोडले नाही. जुलै १९३४ मध्ये या संघटनेने ल्विवच्या युक्रेनी शाळेचे संचालक इव्हान बाबी यांची हत्या केली. परदेशात सुरक्षित बसून कोवळ्या मुलांच्या हातून खून घडवणाऱ्या नेत्यांवर शेप्तित्स्की यांनी अत्यंत कठोर शब्दांत टीका केली. या संघटनेच्या नव्या पिढीचे नेते होते स्टेपान बांदेरा. बांदेरा स्वतः एका ग्रीक कॅथलिक धर्मगुरूंचे पुत्र होते. म्हणजे हा वाद चर्चच्या घरातलाच होता.

याच दशकात त्यांनी आणखी दोन प्रश्नांवर आवाज उठवला. जुलै १९३३ मध्ये त्यांनी आणि इतर बिशपांनी सोव्हिएत युक्रेनमधील भीषण दुष्काळाकडे जगाचे लक्ष वेधले. १९३८ मध्ये पोलंड सरकारने खेल्म भागात शंभरहून अधिक ऑर्थोडॉक्स प्रार्थनास्थळे पाडली. ती त्यांच्या चर्चची नव्हती. तरीही त्यांनी निषेधाचे धर्मपत्र काढले. सरकारने ते जप्त केले. तोपर्यंत आजाराने त्यांचे शरीर जखडले होते. ते चाकांच्या खुर्चीला खिळले होते.

जर्मन सैन्याचे स्वागत का केले?

याचे उत्तर आधीच्या २१ महिन्यांत आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिन यांनी पोलंड वाटून घेतला. ल्विव सोव्हिएत संघाकडे गेले. त्याच महिन्यात सोव्हिएत पोलिसांनी प्रिल्बिचीच्या वडिलोपार्जित घरात शेप्तित्स्की यांचे भाऊ लेओन आणि वहिनी यांना गोळ्या घातल्या. चर्चच्या शाळा, जमिनी आणि छापखाने ताब्यात घेण्यात आले. हजारो लोकांना सायबेरिया आणि कझाकस्तानकडे पाठवण्यात आले. आपल्याला केव्हाही अटक होईल, या शक्यतेने शेप्तित्स्की यांनी डिसेंबर १९३९ मध्ये योसिफ स्लिपी यांना गुप्तपणे बिशप करून उत्तराधिकारी नेमले. जून १९४१ मध्ये माघार घेताना सोव्हिएत पोलिसांनी ल्विवच्या तुरुंगांतील हजारो कैदी ठार केले.

जर्मन सैन्य आले ते या पार्श्वभूमीवर. ३० जून १९४१ रोजी बांदेरा गटाच्या यारोस्लाव्ह स्तेत्स्को यांनी ल्विवमध्ये स्वतंत्र युक्रेनची घोषणा केली. दुसऱ्या दिवशी शेप्तित्स्की यांनी धर्मपत्र काढून जर्मन सैन्याचे स्वागत केले आणि नव्या सरकारला मान्यता दिली. त्याच पत्रात, धर्म किंवा राष्ट्रीयत्व न पाहता सर्व रहिवाशांचे हित सरकारने पाहावे, अशी अटही होती. पण तेव्हा बाहेर जर्मनांच्या चिथावणीने युक्रेनी मिलिशिया आणि शहरातील जमाव ज्यूंवर तुटून पडले होते. तुरुंगातील कत्तलीचा राग निरपराध ज्यूंवर काढला गेला. जुलैमध्ये हजारो ज्यू मारले गेले.

शेप्तित्स्की यांचा अंदाज पूर्ण चुकला होता. जर्मन राजवट काय चीज आहे, याची खूण त्यांच्या घरातही होती. पोलंडमध्ये राहणारे त्यांचे भाऊ अलेक्सांदर यांना जर्मनांनी १९४० मध्येच ठार केले होते. तरीही पहिल्या महायुद्धातील ऑस्ट्रियन आणि जर्मन सैन्य ज्यांनी पाहिले होते, त्या पिढीला जर्मन म्हणजे कायदा आणि शिस्त असेच वाटत होते. काही आठवड्यांतच हा भ्रम फिटला. जर्मनांनी बांदेरा आणि स्तेत्स्को यांना अटक केली आणि १ ऑगस्टला गॅलिसिया आपल्या ताब्यातील पोलंडच्या प्रशासनाला जोडून टाकला.

ज्यूंना कसे वाचवले?

फेब्रुवारी १९४२ मध्ये शेप्तित्स्की यांनी नाझी पोलिसांचे सर्वेसर्वा हाइनरिश हिमलर यांना पत्र लिहून, ज्यूंच्या हत्यांसाठी युक्रेनी पोलिसांना वापरण्यास विरोध केला. ऑगस्ट १९४२ मध्ये पोप पायस बारावे यांना त्यांनी सविस्तर पत्र पाठवले. जर्मन राजवट ही बोल्शेविकांपेक्षाही वाईट असल्याचा निष्कर्ष त्यात होता. ज्यूंच्या सामूहिक हत्यांची माहितीही होती. नोव्हेंबर १९४२ मध्ये त्यांनी हत्या करू नकोस या आज्ञेवर धर्मपत्र काढले. खुनी माणसाला चर्चच्या समाजातून वेगळे पाडावे, असे त्यात होते. या पत्रात ज्यूंचा नावाने उल्लेख नव्हता, पण ते कोणाच्या हत्यांविषयी आहे, हे वाचणाऱ्यांना समजत होते.

पत्रांपेक्षा महत्त्वाचे काम गुपचूप सुरू होते. ऑगस्ट १९४२ मध्ये ल्विवच्या ज्यूंना बेल्झेत्सच्या मृत्यूछावणीकडे नेणाऱ्या गाड्या भरल्या जात असताना, काही ज्यू पुन्हा शेप्तित्स्की यांच्या दारात आले. त्यात रब्बी दाव्हीद काहाने होते. शेप्तित्स्की यांनी त्यांना आपल्या निवासस्थानी लपवले. काही काळ ते तेथील ग्रंथालयात पुस्तकांची मांडणी करत राहिले. त्यांची पत्नी आणि मुलगी वेगळ्या ठिकाणी लपल्या. रब्बी लेविन यांचा मुलगा कुर्त मठात भिक्षूच्या वेषात राहिला.

या कामाची यंत्रणा दोन व्यक्तींच्या हाती होती. पुरुषांच्या मठांची जबाबदारी भाऊ क्लिमेंती यांच्याकडे, तर जोगिणींच्या मठांची योसेफा विटेर यांच्याकडे. मुलांना बाप्तिस्म्याचे बनावट दाखले, युक्रेनी नावे आणि प्रार्थना शिकवल्या जात. पण त्यांचे धर्मांतर करायचे नाही, अशी सूचना होती. एका मठात संशय आला की मुलाला दुसरीकडे हलवले जाई. ज्यूंना आसरा देणाऱ्याला मृत्युदंड होता. शेकडो भिक्षू आणि जोगिणींना हे गुपित माहीत होते, पण कोणीही फोडले नाही. अशा प्रकारे सुमारे दीडशे ज्यू वाचले. त्यात मुलांची संख्या मोठी होती. युनिव येथील मठात वाचलेला एक मुलगा म्हणजे आदाम दानिएल रोत्फेल्ड. ते २००५ मध्ये पोलंडचे परराष्ट्रमंत्री झाले. काहाने पुढे इस्रायलच्या हवाई दलाचे मुख्य रब्बी झाले.

दीडशे हा आकडा ल्विवच्या मानाने लहानच होता. जर्मन आले तेव्हा शहरात दीड लाखांहून अधिक ज्यू होते. युद्ध संपताना त्यातले मोजकेच उरले.

पोलंडमध्ये नाराजी का?

१९४३ मध्ये युक्रेनी बंडखोर सेनेने व्होलिन भागात पोलिश गावांवर हल्ले सुरू केले. १९४४ मध्ये हे लोण गॅलिसियात आले. दोन्ही भागांत मिळून ठार झालेल्या पोलिश नागरिकांची संख्या एक लाखाच्या घरात असल्याचा अंदाज पोलिश इतिहासकार मांडतात. पोलिश गटांच्या प्रतिहल्ल्यांत हजारो युक्रेनी नागरिक मारले गेले. व्होलिनमधील युक्रेनी मुख्यतः ऑर्थोडॉक्स असल्याने तेथे शेप्तित्स्की यांचा अधिकार नव्हता, पण गॅलिसियात होता.

त्यांनी धर्मपत्रांतून हत्यांचा निषेध केला, तरुणांना टोळ्यांपासून दूर राहण्याचे आवाहन केले. ल्विवचे पोलिश रोमन कॅथलिक आर्चबिशप बोलेस्लाव्ह त्वार्दोव्स्की यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहारही झाला. मात्र, युक्रेनी बंडखोरांची जबाबदारी त्यांनी नाव घेऊन स्पष्टपणे मांडली नाही, हा पोलंडमधील आक्षेप आहे. युक्रेनी बाजू म्हणते की खुर्चीला खिळलेल्या वृद्धाचे शब्द जंगलातील सशस्त्र तरुणांपर्यंत पोहोचणेच बंद झाले होते. १९३४ मध्ये ज्यांना त्यांनी खडसावले होते, त्यांच्याच संघटनेतून ही सेना उभी राहिली होती.

मृत्यूनंतर चर्चचे काय झाले?

जुलै १९४४ मध्ये सोव्हिएत सैन्य ल्विवला परतले. चर्च वाचवण्यासाठी शेप्तित्स्की यांनी स्टालिन यांना पत्र लिहिले, रेड क्रॉसला एक लाख रुबल देऊ केले. जखमी सैनिकांसाठीची ही देणगी घेऊन क्लिमेंती यांच्यासह शिष्टमंडळ डिसेंबरमध्ये मॉस्कोला गेले. पण त्याआधीच १ नोव्हेंबर १९४४ रोजी शेप्तित्स्की यांचे निधन झाले होते. ते ७९ वर्षांचे होते. त्यांच्या ४४ वर्षांच्या कारकीर्दीत ल्विववर सात वेळा सत्ता बदलली होती.

एप्रिल १९४५ मध्ये स्लिपी यांच्यासह बिशपांना अटक झाली. मार्च १९४६ मध्ये ल्विवमध्ये एक सभा भरवून ग्रीक कॅथलिक चर्च रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये विलीन झाल्याचे जाहीर करण्यात आले. सभेला एकही ग्रीक कॅथलिक बिशप मुक्तपणे हजर नव्हता. स्लिपी यांची छावण्यांतून सुटका १९६३ मध्ये झाली. ज्यूंना लपवणारे क्लिमेंती १९४७ मध्ये पकडले गेले आणि १ मे १९५१ रोजी व्लादिमिरच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. चर्च चार दशके भूमिगत राहिले. डिसेंबर १९८९ मध्ये ते पुन्हा कायदेशीर झाले.

याद वाशेमचा सन्मान का मिळाला नाही?

ज्यूंना जीव धोक्यात घालून वाचवणाऱ्या अन्य धर्मीयांना याद वाशेम ही संस्था ‘राष्ट्रांमधील नीतिमान’ हा सन्मान देते. क्लिमेंती यांना तो १९९५ मध्ये मिळाला. आंद्रेई यांच्याबाबत मात्र १९४१ चे स्वागतपत्र आड येते. दुसरा आक्षेप १९४३ मध्ये उभारलेल्या गॅलिसिया डिव्हिजन या एसएस दलाबाबतचा आहे. या दलात युक्रेनी तरुण भरती झाले आणि शेप्तित्स्की यांनी त्यासाठी धर्मगुरू नेमण्यास मान्यता दिली. तरुण कोणत्याही सैन्यात असले तरी त्यांना धर्मगुरू हवेत, हे समर्थकांचे म्हणणे. ज्या सैन्याने ज्यूंचा संहार केला, त्याला यामुळे प्रतिष्ठा मिळाली, हे टीकाकारांचे म्हणणे.

काहाने आणि कुर्त लेविन यांनी आयुष्यभर या सन्मानासाठी प्रयत्न केले. ज्यांचे वडील, नातेवाईक आणि शेजारी त्या शहरात मारले गेले, तेच लोक शेप्तित्स्की यांच्या बाजूने साक्ष देत होते. तरीही निर्णय बदललेला नाही.

आज हा विषय महत्त्वाचा का?

जुलै २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी शेप्तित्स्की यांच्या वीरोचित सद्गुणांना मान्यता दिली. संतपदाच्या वाटेवरचा हा एक टप्पा आहे. त्याच महिन्यात त्यांच्या दीडशेव्या जयंतीला ल्विवमध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला. दुसरीकडे, जुलै २०१६ मध्ये पोलंडच्या संसदेने व्होलिनमधील हत्यांना वंशसंहार ठरवले. २०२२ मध्ये रशियाने आक्रमण केल्यावर पोलंडने लाखो युक्रेनी निर्वासितांना आसरा दिला, तरी जुन्या हत्याकांडातील मृतांचे अवशेष शोधण्यावरून दोन्ही देशांत तणाव कायम होता. एप्रिल २०२५ मध्ये पश्चिम युक्रेनमधील पुझ्निकी या उजाड झालेल्या पोलिश गावाच्या जागी उत्खनन सुरू झाल्यानंतर ही कोंडी थोडी फुटली.

शेप्तित्स्की यांनी राज्यकर्त्यांवर ठेवलेला विश्वास वारंवार फसला. व्हिएन्ना, वॉर्सा, बर्लिन आणि शेवटी मॉस्को यांच्याकडे केलेल्या विनंत्यांमधून फारसे काही हाती लागले नाही. १९४१ चे पत्र त्यांच्या नावावर राहणारच आहे. पण मठांच्या तळघरांत, ग्रंथालयात आणि अनाथालयांत लपलेल्या दीडशे जणांची मुले-नातवंडे आज इस्रायल, अमेरिका आणि पोलंडमध्ये आहेत. त्यांच्या घरांत शेप्तित्स्की हे नाव कोणत्याही संस्थेच्या निर्णयाची वाट न पाहता घेतले जाते.